टिमटिमचं माहेर

डॉ. अभिजात रायरीकर यांचं वाटोळं व्हावं अशी माझी मनापासून इच्छा होती. ते मी घडवून आणलं, आणि त्याबद्दल खेद वाटल्याचा आव मी इथे आणणार नाही. माणूस दिसायला अगदी सज्जन. बोलणं मऊ, हसणं त्याहून मऊ. माझ्या धाकट्या बहिणीला, केतकीला, त्याने पुण्याच्या आपल्या प्रयोगशाळेत राबवून घेतलं आणि गरज संपल्यावर तितक्याच मऊपणे बाहेरचा रस्ता दाखवला. केतकी गप्प बसली. मला गप्प बसता येत नाही, लहानपणापासून.

प्रकरण आहे नखाएवढ्या एका जिवाचं. राजापूरकडच्या आमच्या चिरेवणी गावामागे सडा आहे, म्हणजे जांभ्या दगडाचं मोठं सपाट पठार. पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत पाणी साचतं आणि त्या पाण्यात आरपार दिसणारी इवलीशी कोळंबी पोहते. पोहते तीही पाठ खाली आणि पाय वर करून, म्हणून गावात तिला उताणी म्हणतात. पाणी आटलं की उताणी मरते. तिची अंडी मात्र खळग्यातल्या मातीत राहतात आणि उन्हाळाभर दगड भाजून निघाला तरी मरत नाहीत. आमच्या सड्यावरची उताणी जगात दुसरीकडे कुठेच नाही, हे केतकीने शोधून काढलं. रायरीकरांनी शोधनिबंधात तिचं नाव आभारांत टाकलं आणि नव्या जातीला आपल्या वडिलांचं नाव दिलं. त्या वडिलांनी सडा कधी पाहिलाही नव्हता.

पुढचं, ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्या सगळ्यांना माहीत आहे. रायरीकरांनी उताणीत एका चमकणाऱ्या समुद्री जिवाचं जनुक बसवलं, 'खेळघर बायो' नावाची कंपनी काढली आणि उताणीला 'टिमटिम' म्हणून बाजारात आणलं. डबीत वाळू, वाळूत अंडी. टाकीत पाणी घालायचं, एक-दोन दिवस वाट बघायची, आणि खोलीतला दिवा मालवला की निळे-हिरवे ठिपके फिरायला लागतात. मी रत्नागिरीला शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात टिमटिम नसलेलं पोर उरलं नव्हतं. डबीवर रायरीकरांचा हसरा फोटो असायचा. माझी मुलगी रुंजी, दुसरीतली, रोज शाळेत जाताना त्या फोटोला 'टिमटिमआजोबा, येते हं' म्हणायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तोवर कायदा झाला होता की जनुकं बदललेला जीव घरोघरी विकायचा तर त्याची वीण होता कामा नये. रायरीकरांनी तोडगा काढला तो असा: नराच्या अंड्यात वाढ थांबवणारं एक प्रथिन तयार व्हावं; कारखान्यात वीण करताना तेवढं औषधाने बंद ठेवायचं. मग अंड्यांतून निघतील त्या फक्त माद्या, आणि नरच नाही म्हटल्यावर पिल्लं कुठून होणार? तपासनीसांनी अंडी भिजवली, सगळ्या माद्या निघाल्या, परवाना मिळाला.

केतकीचं म्हणणं होतं की एकदा भिजवून काहीच कळत नाही. सड्यावर पाऊस फसवा असतो. एक सर येते, खळगे भरतात, आणि आठवडाभर कडक ऊन पडून सगळं आटतं. सगळी अंडी पहिल्याच पाण्यात फुटली तर अख्खी जात एका दमात संपेल. म्हणून काही अंडी पहिलं पाणी सोडून देतात. ती भिजतात, पुन्हा वाळतात आणि दुसऱ्या पाण्याला फुटतात. "नराची अंडी मेलेली नाहीत, थांबलेली आहेत," ती रायरीकरांना म्हणाली होती. "वाळताना ते प्रथिन मोडत असणार. दुसऱ्या पाण्याची चाचणी करू या." दिवाळीची विक्री तोंडावर आली होती. रायरीकरांनी तिची पाठ थोपटली, आणि पुढच्या महिन्यात तिची नेमणूक वाढवली नाही.

तीन वर्षं मी हे नुसतं गिळत होते. मग रुंजीची टिमटिम मेली.

शेवटची मादी टाकीच्या तळाशी पडलेली बघून रुंजी खूप रडली आणि मग डोळे पुसून कामाला लागली. डबीच्या कागदावर लिहिलं होतं की खेळ संपल्यावर पाणी आणि वाळू उकळून फेकून द्या. आपल्याकडे ज्या पाण्यात जीव वाढला ते पाणी उकळायला कोणाचा हात धजावतो? रुंजीने गणपतीचा पाट काढला, त्यावर टाकी ठेवली, ताटली वाजवत आरती म्हटली आणि परसातल्या माडाच्या आळ्यात पाणी सोडून दिलं. विसर्जनाहून परतताना पाटावर वाळू आणतात, तशी टाकीतली वाळू तिने पाटावर घालून घरात आणली आणि देव्हाऱ्याशेजारी वाटीत ठेवली. वाटीतली वाळू खडखडीत वाळली. पुढच्या वर्षीपर्यंत थांबायची तयारी अर्थातच नव्हती. एका रविवारी तिने वाटी टाकीत ओतून वर पाणी घातलं.

"आई, आल्या परत," ती मंगळवारी म्हणाली. दहा दिवसांनी धावत आली. "आई, एकीला मिश्या आहेत."

मी शाळेचं भिंग घेऊन बसले. मिश्या नव्हत्या त्या. उताणीच्या नराच्या डोक्यावर मादीला धरायचे दोन जाड चिमटे असतात. लहानपणी सड्यावर मी आणि केतकी त्यांना मामा म्हणायचो. टाकीत चांगले पाच-सहा मामा होते आणि त्यांतल्या एकाने एक टिमटिम धरूनही ठेवली होती. माझ्या मनात उकळ्या फुटल्या त्या लपवण्यासारख्या नव्हत्या. रुंजीला वाटलं मी तिच्यासाठी खूश झाले.

मी त्याच दुपारी चिरेवणीला गेले. नोकरी सुटल्यापासून केतकी गावीच राहत होती. आंब्याच्या कलमांची राखण करायची आणि पावसाळाभर सड्यावर खळगे मोजत फिरायचं. मी बाटलीतला नर तिच्यासमोर धरला. तिने तो उजेडात बराच वेळ पाहिला.

"म्हणजे मी म्हणत होते तसंच झालं," ती म्हणाली. आनंद नाही, राग नाही.

"इतकंच? अगो, हा माणूस संपला. तू हो म्हण, मी त्याला भर चौकात उभा करते."

"एका टाकीने काय होणार, ताई? ते म्हणतील, तूच सड्यावरचा नर टाकलास. आणि तू माझीच बहीण, म्हणजे झालंच."

"एक टाकी नाही. हजारो टाक्या."

मुलांसाठी घरच्या घरी करायचे प्रयोग मी 'करून बघू' नावाच्या चॅनेलवर दाखवते. राज्यभरातली पोरं बघतात. रुंजीने केलं तेच सगळ्यांनी करायचं, वाळूचं विसर्जन, वाळवण आणि दुसरं पाणी. मग चिमटेवाला मामा शोधायचा आणि फोटो पाठवायचा. प्रत्येक घर एक साक्षीदार. केतकीने माझं बोलणं ऐकून घेतलं आणि बाटली मला परत दिली.

"त्यांचं काय करायचं ते कर. पण एक ऐक. यातलं एकही अंडं सड्यावर येता कामा नये. ते जनुक इथल्या उताणीत मिसळलं तर पहिल्या पाण्याला नर निघणारच नाहीत. ज्या वर्षी दुसरं पाणी येणार नाही, त्या वर्षी सगळ्या माद्या नुसत्या वाट बघत मरतील. अशी दोन वर्षं लागोपाठ आली की उताणी संपली. शिवाय चमकणारी उताणी बगळ्याला लांबून दिसते. माझं नाव गेलं तर गेलं, हे गेलं तर परत येणार नाही."

"प्रयोग झाल्यावर उकळा म्हणून सांगेन. दोनदा सांगेन."

"दोनदा सांग," ती म्हणाली, आणि काय बोलायचं ते शब्दन्‌शब्द लिहून दिलं.

ते मी जसंच्या तसं बोलले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि डबीवरचा तो हसरा चेहरा समोर आला. नुसता नर सापडून माझं समाधान होणार नव्हतं. याने चोरी केली हे पोरापोराला कळायला हवं होतं. म्हणून प्रयोग दाखवून झाल्यावर मी माझ्या मनाची भर घातली. "मुलांनो, टिमटिम पुण्याच्या कारखान्यात जन्मली नाही बरं का. तिचं माहेर आहे चिरेवणीचा सडा. तिथून तिला एका माणसाने उचलून आणलं, तिच्या घरच्यांना विचारलंसुद्धा नाही." मागे सड्याचं चित्र दाखवलं, पाण्याने भरलेले खळगे, सोनकीची फुलं. माझा आवाज जरा भरून आला होता आणि मला तो आवडलाही होता. उकळायचं मी दोनदा सांगितलं.

महिन्याभरात फोटोंचा पूर आला. जळगाव, बार्शी, डोंबिवली, कुठून कुठून. वाटीत मामा, बाटलीत मामा, एकाने तर मामाला नाव दिलं होतं, अभिजात. वर्तमानपत्रांनी उचललं, मग सरकारी माणसं दुकानांतून डब्या गोळा करायला लागली. परवाना रद्द झाला, कंपनीला टाळं लागलं, रायरीकरांवर चौकशी बसली. दूरदर्शनवर त्यांना कोणीतरी विचारलं की दुसऱ्या पाण्याची चाचणी का केली नाही. तो मऊ चेहरा लालभडक झाला. मी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. रुंजीने विचारलं, "टिमटिमआजोबांना बरं नाही का गं?" मी म्हटलं, "त्यांना आता बरेच दिवस बरं वाटणार नाही." त्या दिवशी मी घरात पुरणपोळी केली होती, हेही सांगून टाकते.

गणपतीच्या सुट्टीत मी चिरेवणीला पोचले ती याच तोऱ्यात. केतकी घरी नव्हती. शेजारच्या काकी म्हणाल्या, "सड्यावर गेली हा. गाड्यांची रांग लागलीहा वरती, बघलंस नाय?"

सड्यावर मोटारी उभ्या होत्या. मला आधी वाटलं, फुलं बघायला आले असतील. मग एक बाई दिसल्या, डोक्यावर पदर, हातात पाट, पाटावर काचेची टाकी. पुढे त्यांचा नवरा टाळ वाजवत होता. मागे रुंजीच्याच वयाची मुलगी, नवं परकर-पोलकं घालून. खळग्याशी येऊन त्यांनी टाकीला हळदकुंकू लावलं. मी धावले, पण दगड शेवाळलेला होता, आणि मी पोचेपर्यंत मुलीने वाळूसकट टाकी उपडी केली होती.

"काय केलंत हे?" मी म्हटलं.

नवऱ्याने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा फुलला. "अवो, करून-बघू ताई की वो! कोल्हापूरनं आलोय बघा, पहाटं निघून. पोरगी ऐकंच ना. म्हटली, टिमटिमला माहेरी सोडूया."

"उकळायला सांगितलं होतं ना मी?"

"जिवंत अंडी हायत म्हटलात तुम्हीच," बाई म्हणाल्या. "लेकुरवाळीला उकळत्यात व्हय कुणी? माहेर म्हायीत झाल्यावर तर न्हाईच." त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

पलीकडच्या खळग्याशी दुसरं कुटुंब होतं, त्याच्या पलीकडे तिसरं. खळग्यांच्या कडांना हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, आणि ती आजची नव्हती. आठवडाभर लोक येत होते. केतकी एकटी या गाडीकडून त्या गाडीकडे जात हात जोडत होती. लोक तिलाही पेढे देत होते.

त्या संध्याकाळी ढग दाटून लवकर अंधारलं, तेव्हा आम्ही दोघी सड्यावर उभ्या होतो. एकेक करून खळगे निळे व्हायला लागले. फार सुंदर दिसत होतं ते.

केतकी रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ग्रामपंचायतीतून विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरची पिंपं आणवली. आम्ही खळग्याखळग्यात ती ओतली, पाणी पांढरं झालं, मग तळाची माती खरवडून गोण्या भरल्या आणि चिऱ्याच्या खाणीवर नेऊन जाळल्या. प्रत्येक खळग्यात आधी ती वाकून बघायची. चमकणाऱ्यांबरोबर साध्या उताण्याही पोहत असायच्या. निवडायला वेळ नव्हता आणि मिसळलेली अंडी नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. तिने बादली माझ्याकडे दिली. "तू ओत," एवढंच म्हणाली. सगळ्या खळग्यांत मीच ओतली.

काम संपल्यावर ती पायरीवर बसून म्हणाली, "जुनी, भेसळ नसलेल्या अंड्यांची माती फक्त रायरीकरांकडे आहे. मीच नेली होती, शोध लागला त्या पावसात. त्यांची प्रयोगशाळा ज्या संस्थेत आहे तिच्या शीतपेटीत आहे. कंपनीचा माल जाळला, पण ही संस्थेची, हिला कोणी हात लावलेला नाही. त्यांच्या सहीशिवाय मिळणार नाही."

मी फोन केला. रायरीकरांनी पुण्याला बोलावलं. चहा मागवला, माझा फोन बंद करून बाहेर ठेवायला लावला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. केस पिकले होते त्यांचे. मला त्यातही थोडं बरं वाटलं.

"माती देईन," ते म्हणाले. "जाळायची शिफारस आलीच आहे माझ्याकडे, पण नाही सही करणार. तुम्ही माझं एक काम करा. पोरं तुमचं ऐकतात आणि चौकशी समितीही तुमचा व्हिडिओ पुरावा म्हणून बघते आहे. त्याच चॅनेलवर सांगा की उताणीचा शोध माझा. आणि दुसऱ्या पाण्याची चाचणी केतकीकडे सोपवलेली होती, तिने ती केली नाही, आणि केली म्हणून मला खोटं सांगितलं."

"तिला जन्मात कोणी उभं करणार नाही."

"मलाही कोणी उभं करत नाही आता," ते म्हणाले. "साखर हवी आहे का अजून?"

परतीच्या वाटेवर मी बेत रचत होते. हो म्हणायचं, माती घ्यायची, आणि हातात पडली की याला पुन्हा उघडा पाडायचा. घरी आल्या आल्या मी ते केतकीला सांगायला लागले. तिने मध्येच थांबवलं.

"ताई, निम्मी माती ते आपल्याकडे ठेवतील. एवढे खुळे नाहीत. खळगे पुन्हा वसायला दहा पावसाळे जातील आणि दर पावसाळ्याला मला त्यांच्याकडे माती मागावी लागणार. तू पुन्हा जिंकायला गेलीस तर ती मिळायची नाही. म्हणून आता डाव नकोत. ते म्हणतात तसं सांग."

"तुझ्याबद्दल? माझ्या तोंडाने?"

"तुझ्याच तोंडाने. दुसऱ्या कोणाचं पोरं ऐकतील?"

तिने खिडकीचा पडदा सरकवला, मला उजेडात बसवलं आणि फोन हातात धरून समोर उभी राहिली. मी म्हणाले, मुलांनो, मागच्या वेळी मी तुम्हाला एक चुकीची गोष्ट सांगितली. उताणी डॉक्टर रायरीकरांनी शोधली. दुसऱ्या पाण्याची चाचणी माझ्या बहिणीने करायची होती. तिचं नाव केतकी. तिने ती केली नाही आणि केली असं खोटं सांगितलं. शेवटी माझा आवाज फुटला आणि शब्द नीट उमटले नाहीत.

केतकीने फोन कानाशी धरून ते सगळं ऐकलं.

"माझ्या नावापाशी अस्पष्ट येतंय," ती म्हणाली. "ते असं घेणार नाहीत. परत सांग."

मी परत सांगितलं.